पासिंग संपत आलेली गाडी : दुरुस्त करावी की बदलावी?

वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

प्रश्न : स. न. वि. वि. आम्ही दोघे निवृत्त शिक्षक असून नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. मे २०११ मध्ये घेतलेली एक हजार सीसीची पेट्रोल गाडी आमच्याकडे आहे. आजवर ती ९२ हजार किलोमीटर चालली आहे आणि येत्या मे महिन्यात तिचे पासिंग, म्हणजे नोंदणीची मुदत, संपते. आमचे फिरणे वर्षाला जेमतेम पाच हजार किलोमीटर. बँक, दवाखाना, भाजीबाजार आणि महिन्यातून एकदा कळवणजवळचे गाव, येता-जाता सप्तशृंगी गड. गॅरेजवाल्यांनी ७८,५०० रुपयांचे अंदाजपत्रक दिले आहे : क्लच सेट ९,५००, चार टायर १६,०००, पुढचे शॉकअप, लोअर आर्म व बुश १४,०००, बॅटरी ५,०००, एसीचा कॉम्प्रेसर व कंडेन्सर २२,००० आणि डेंटिंग-पेंटिंग १२,०००. जुन्या गाड्या घेणारे एक गृहस्थ गाडीचे ७० हजार द्यायला तयार आहेत. पुण्याचा मुलगा म्हणतो की गाडीच्या किमतीपेक्षा जास्त पैसे तिच्यावर घालणे शहाणपणाचे नाही, हप्त्यावर नवी घ्या. ह्यांना मात्र गाडी सोडवत नाही. सुटीत नातवंडे आली की आम्ही सगळे याच गाडीने समृद्धी महामार्गावरून छत्रपती संभाजीनगरला बहिणीकडे जातो. आम्ही काय करावे?
– एक वाचक भगिनी, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : आपल्या मुलाची काळजी खरी आहे, पण त्याने लावलेले माप चुकीचे आहे. गाडी विकून किती रुपये येतील यावरून तिच्यावर किती खर्च करावा हे ठरत नाही, कारण तो भाव परक्या माणसाने आपल्या नफ्याचा हिशोब करून सांगितलेला असतो. आपल्याला ती गाडी अजून किती वर्षे आणि किती भरवशाने नेणार-आणणार आहे, याचा त्यात कुठेच विचार नसतो. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांच्या देखभालीचे काम मी बावीस वर्षे केले. केवळ ‘गाडीपेक्षा दुरुस्ती महाग’ या एका वाक्यापायी उत्तम इंजिनाच्या गाड्या कवडीमोलाने गेलेल्या त्या काळात पाहिल्या आणि पत्रा सडलेल्या गाडीवर हौसेने रंग चढवणारी माणसेही पाहिली. म्हणून पैशांच्या आधी आपण गाडीकडेच पाहू.

आपण पाठवलेली यादी मी दोनदा वाचली. त्यात इंजिनाचे एकही काम नाही, ही चांगली गोष्ट आहे. त्यात ब्रेकचे नावही नाही, ही मात्र मला खटकलेली गोष्ट आहे. महिन्यातून एकदा नांदुरीहून गडाचा घाट चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या पंधरा वर्षांच्या गाडीच्या अंदाजपत्रकात रंगासाठी बारा हजार रुपये आहेत आणि ब्रेकसाठी एकही रुपया नाही, हे बरोबर नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते, आणि असे पाणी धरलेले ऑइल उतारावर सतत ब्रेक दाबून तापले की उकळते. मग पॅडल खाली जाते आणि गाडी मात्र थांबत नाही. हे ऑइल साधारण दर दोन वर्षांनी बदलायचे असते. आपले शेवटचे कधी बदलले, हे गॅरेजात विचारा. मागच्या चाकांचे ड्रम काढून व्हील सिलिंडर पाझरत आहेत का, हेही बघायला सांगा. या कामाला एसीच्या तुलनेत किरकोळ खर्च येतो.

आता पत्रा. माझ्या मते जुन्या गाडीचा निकाल इथे लागतो, कारण क्लच, शॉकअप, बॅटरी, फार काय इंजिनसुद्धा बदलता येते, पण ज्या सांगाड्यावर चाके टांगलेली असतात तो सडला तर गाडी उरत नाही. आपण शहरात राहत असलात, तरी गाडी पावसाळ्यात घाटातल्या चिखलातून जाते, आणि तो चिखल चाकांच्या कमानींमध्ये आणि दारांखालच्या पोकळीत बसून महिनोन्महिने ओल धरून ठेवतो. त्यासाठी गाडी रॅम्पवर चढवून घ्या आणि ह्यांना स्वतः खाली उभे राहायला सांगा. फिटरने पान्याच्या टोकाने सांगाड्याच्या खालच्या लांब पेटीवर आणि चाकाला धरणारा लोअर आर्म जिथे जोडलेला असतो त्या जागेवर हलके ठोकत जावे. धड पत्रा टणटण वाजतो. सडलेल्या जागी आवाज बसका येतो, स्क्रूड्रायव्हरचे टोक टेकवून दाबले की तपकिरी पापुद्रे सुटून मनगटावर पडतात. एकदा माझ्यासमोर अशीच एक गाडी रॅम्पवर आली होती. वरून नवा रंग, खालून नुकताच मारलेला काळा लेप, आणि त्या लेपावर स्क्रूड्रायव्हर टेकवताच तो मुठीपर्यंत आत गेला. मालकाने आदल्याच महिन्यात रंगावर पंचवीस हजार खर्च केले होते. त्यांचा तो चेहरा आठवला की आजही वाईट वाटते, म्हणून आपल्याला इतके विस्ताराने सांगत आहे. वरवरचा तांबेरा घासून, लेप लावून थांबवता येतो, पण सस्पेन्शनच्या जोडाशी किंवा पेटीला भोक पडले असेल, तर पुढचे काहीही वाचू नका आणि या गाडीवर एक रुपयाही घालू नका.

इंजिनाची परीक्षा आपण घरीच घेऊ शकता. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करा आणि मागे उभे राहा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल आणि कूलंटची पातळी सारखी उतरत असेल, तर हेड गॅस्केटचा (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांमधल्या सीलचा) संशय धरावा. ऑइल भरण्याचे झाकण उघडल्यावर आत दुधाळ साय दिसली, तर तो संशय आणखी पक्का होतो. डिसेंबर-जानेवारीच्या नाशिकच्या थंडीत पहिली काही मिनिटे पांढरी वाफ निघणे मात्र स्वाभाविक आहे, तिला घाबरू नये. मनात शंका राहिलीच, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरांतला दाब, तपासून घ्या. सर्व सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळ असले की पुरे. शिवाय आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते आणि तशा पेट्रोलला साजेसे भाग घालून गाड्या बनवणे एप्रिल २०२३ पासून सुरू झाले. त्याआधीच्या गाडीचे ॲव्हरेज त्याने थोडे उतरते आणि रबरी नळ्या व सील लवकर कडक होऊ शकतात. बॉनेटखाली पेट्रोलचा वास येतो का, याकडे लक्ष असू द्या आणि या खेपेस इंधनाच्या नळ्या पाहून घ्या.

या दोन्ही परीक्षांत गाडी उतरली, असे धरून अंदाजपत्रकाकडे वळतो. क्लच ९२ हजार किलोमीटरला जाणे हे मुंबई नाका आणि द्वारका चौकातल्या गर्दीत चालणाऱ्या गाडीच्या बाबतीत साहजिक आहे. पुढचे सस्पेन्शन आजच्या नाशिकमध्ये कोणत्याही गाडीचे बोलते, कारण सिंहस्थाच्या कामांसाठी जागोजागी रस्ते खणलेले आहेत. टायर आणि बॅटरी या तर नव्या गाडीलाही काही वर्षांनी लागणाऱ्या वस्तू आहेत, त्यांचा दोष गाडीच्या वयाला देता येत नाही. टायरचे एक ध्यानात घ्या. आपले फिरणे कमी असल्याने नक्षी शिल्लक दिसेल, पण टायर झिजून संपतो तसाच वयानेही संपतो. त्याच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१८’ असे असेल, तर तो टायर २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. नवे टायर घेतानाही हे आकडे वाचूनच पैसे द्या, कारण दुकानात दोन-तीन वर्षे पडून राहिलेला मालही नवा म्हणूनच विकला जातो.

एसीच्या बावीस हजारांवर मी आज सही करणार नाही. गॅस निघून गेला एवढ्यावरून कॉम्प्रेसर गेला असे होत नाही. बहुतेक वेळा पुढच्या जाळीतून उडालेल्या खड्यांनी कंडेन्सर फुटलेला असतो किंवा एखादी रिंग सैल झालेली असते. आधी नायट्रोजन भरून गळती कुठे आहे ते शोधायला सांगा आणि कॉम्प्रेसर आवाज करत असेल, तरच तो बदला. रंगकाम सरळ वगळा. म्हणजे खरोखर करायची कामे ४४,५०० रुपयांची, शिवाय ब्रेक आणि एसीच्या गळतीचे जे निघेल ते.

आता मुलाला दाखवता येईल असा हिशोब मांडतो. साडेसहा लाखांत रस्त्यावर येणारी छोटी गाडी घेतली, दीड लाख रोख भरले आणि पाच लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले, तर हप्ता सुमारे १०,३८० रुपये बसतो आणि पाच वर्षांत सव्वा लाखाच्या आसपास व्याज जाते. म्हणजे आपली आवश्यक दुरुस्ती साडेचार हप्त्यांहूनही कमी आहे. ती गाडी तीन वर्षांनी चार लाखांना विकली जाईल असे धरले, तर किमतीतली घट आणि व्याज मिळून वर्षाला सुमारे १ लाख १५ हजार पडतात. विमा आणि सर्व्हिसिंग वेगळे. उलट जुनीवर आज ४४,५०० आणि पासिंग, कर, नंबरप्लेट वगैरेंचे दहा हजार घातले आणि ती तीन वर्षे चालली, तर वर्षाला १८ हजार, शिवाय नेहमीच्या देखभालीचे बारा हजार. आज हाती येणारे ७० हजार तीन वर्षांनी ३० हजारांवर येतील, त्याचेही वर्षाला तेरा हजार प्रामाणिकपणे धरले पाहिजेत. सगळे मिळून ४३ हजार होतात. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी अठरा टक्क्यांवर आला, त्यामुळे नव्या गाडीचे भाव उतरले हे खरे, पण दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीवर महाराष्ट्रात अकरा टक्के वाहनकर भरावाच लागतो आणि वर्षाला पाच हजार किलोमीटर फिरणाऱ्या निवृत्त कुटुंबाला हा फरक अंगावर येणारा आहे.

इथवर वाचून ह्यांना आनंद झाला असेल. परंतु समृद्धी महामार्गाबद्दल मला त्यांच्या मनाविरुद्ध लिहिले पाहिजे. आपल्या देशात नव्या मोटारींना एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि चालकाची एअरबॅग २०१९ पासून सक्तीची झाली, तर शेजारच्या आसनाची एअरबॅग त्यानंतर; २०११ च्या छोट्या गाड्यांच्या साध्या मॉडेलमध्ये यांपैकी बहुधा काहीच नसे. या गोष्टी दुरुस्तीने बसवता येत नाहीत. ज्या रस्त्यावर ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे आणि उन्हाळ्यात काँक्रीट भाजून निघते, त्या रस्त्यावर पाच-सहा माणसे, सामान आणि नातवंडे घेऊन ही गाडी नेऊ नका. वर्षातून दोनदा संभाजीनगरला जायचे तर मुलाची गाडी घ्या किंवा चालकासह भाड्याची करा. त्याचा खर्च नव्या गाडीच्या एका हप्त्याच्या आसपास येईल. आपले फिरणे महामार्गावर नेहमीचे असते, तर वरचा सगळा हिशोब बाजूला ठेवून मी आपल्याला नवी गाडी घ्यायला सांगितले असते.

तेव्हा माझा सल्ला असा : पत्रा आणि इंजिन धड निघाले, तर निवडक दुरुस्ती करून पासिंग करून घ्या आणि गाडी शहर, गाव आणि गडापुरती वापरा. घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये राहा. एक वही ठेवा आणि अनपेक्षित निघालेले प्रत्येक काम तीत लिहा; वर्षभरात ती बेरीज चाळीस हजारांच्या वर गेली, गाडी दोनदा वाटेत उभी राहिली किंवा इंजिन अथवा गिअरबॉक्स खोलायची वेळ आली, तर त्या दिवशी तिला निरोप द्या. हा आकडा आजच, शांत डोक्याने दोघांनी मिळून ठरवा, कारण गाडी गॅरेजात खोललेली असताना आणि ‘आता एवढे केलेच आहे तर’ असे कोणी म्हणत असताना तो ठरवता येत नाही.

पासिंगसाठी मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून फॉर्म २५ भरता येतो. पेठ रोडच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाला गाडी दाखवावी लागते, विमा आणि पीयूसी चालू लागतात. एप्रिल २०१९ पूर्वीच्या नोंदणीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेटही लागते. तिचे मोटारीसाठी ७४५ रुपये आणि त्यावर जीएसटी. नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये असून पर्यावरण कर वेगळा. उशीर झाला तर दर महिन्याला ५०० रुपये दंड वाढत जातो, म्हणून मे उजाडण्याची वाट पाहू नका. नूतनीकरण पाच वर्षांचे मिळते. गाडी वीस वर्षांची झाली की हेच शुल्क दुप्पट होते, तेव्हा २०३१ मध्ये तिचे पुन्हा पासिंग करण्याचा विचार मी करणार नाही.

प्रश्न : आमची २०१४ ची सात आसनी डिझेल गाडी आहे. द्राक्षाच्या हंगामात मजूर आणि औषधांचे डबे नेण्यापासून लग्नकार्यापर्यंत सगळे तिच्यावरच होते. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या बंद होणार असे गावात सगळे बोलतात. आत्ताच विकून टाकावी का?
– एक शेतकरी वाचक, निफाड तालुका

उत्तर : दहा वर्षांची ती मर्यादा दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या राजधानी क्षेत्रापुरती आहे; २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशांतून ती आली. महाराष्ट्रात खासगी डिझेल गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. म्हणजे आपल्या हातात २०२९ पर्यंतचा वेळ आहे आणि बोलवेपायी गाडी पडत्या भावात देण्याचे काहीही कारण नाही. या बातमीचा फायदा घेऊन खेडोपाडी कमी भावात गाड्या उचलणारे लोक फिरतात, त्यांच्यापासून सावध राहा.

डिझेल गाडीत पैसा खाणाऱ्या जागा तीन : नोझल, पंप आणि टर्बो. त्यासाठी आपण योग्य जिल्ह्यात राहता, कारण डिझेलची नोझल आणि इंजेक्टर बनवणारा मोठा कारखाना सातपूरलाच असल्याने हे काम जाणणारे कारागीर नाशिकमध्ये सहज सापडतात. गाडी काळा धूर सोडत असेल आणि चढाला ओढत नसेल, तर इंजिन खोलण्याआधी नोझल बेंचवर तपासून घ्या आणि एअर फिल्टर उघडून पाहा. शेतरस्त्याच्या धुळीने तो आपल्या अंदाजाच्या निम्म्या काळातच गच्च होतो. मजुरांबद्दल एक विनंती आहे. सात आसनांच्या गाडीत बारा-चौदा माणसे बसवणे थांबवा. मागचे पाटे बसतात हा त्यातला लहान तोटा झाला. अपघात झाल्यास त्या माणसांना विम्याचा आधार मिळणे कठीण होते, आणि ती आपल्या भरवशावर गाडीत बसलेली असतात.

प्रश्न : वडिलांची १९ वर्षांची गाडी तीन वर्षांपासून अंगणात उभी आहे. भंगारवाला रोख पैसे देऊन उचलून न्यायला तयार आहे. देऊन टाकू का? कर्ज केव्हाच फिटले आहे.
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : अशी देऊ नका. गाडी अंगणातून गेली, तरी आरसी बुकावर नाव वडिलांचेच राहते, आणि कागदोपत्री ज्याचे नाव तोच मालक धरून अपघाताची भरपाई त्याच्याकडून मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. ती चासी किंवा ते इंजिन उद्या कोणत्या गाडीत निघेल, हे भंगारवाल्याला विचारून उपयोग नाही.

नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रात गाडी दिली की तेथे ठेव प्रमाणपत्र मिळते, त्याच्या आधारे नोंदणी रद्द होते आणि नवी गाडी घेताना नोंदणी शुल्कात व वाहनकरात सवलतही मिळते. पैसे भंगारवाल्यापेक्षा थोडे कमी आले, तरी हाच मार्ग धरा. कर्ज फिटले म्हणता, पण आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवला आहे का, हे आधी पाहा. बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरवावा लागतो आणि पुष्कळ घरांत हे राहून गेलेले असते. वडील हयात नसतील, तर आधी वारसाच्या नावे गाडी करून घ्यावी लागेल. त्यासाठी फॉर्म ३१ आणि मृत्यूचा दाखला लागतो. आणि गाडी उचलायला माणसे येतील त्या दिवशी डिकीतली स्टेपनी, डॅशबोर्डच्या कप्प्यातली जुनी कागदपत्रे आणि आरशाला टांगलेले वडिलांच्या हातचे जे काही असेल ते आधी काढून घ्या, कारण केंद्राच्या दारातून आत गेलेली वस्तू परत मिळत नाही.